परदेशी दीर्घ वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या संमेलनात आम्ही काही बोलावे अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस फार श्रम पडले नाहीत. पूर्वी आपल्या संमेलनात वडील मंडळी एकत्र बसली म्हणजे मुलांच्या परीक्षा, मुलींची स्थळे आणि गावाकडचे पाऊसपाणी हे तीन विषय ठरलेले असत. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे, तो म्हणजे व्हिसा. मुलेमुली शिक्षणासाठी गेली, नोकरीत स्थिरावली, नातवंडे झाली. आणि आता आई-वडिलांनी चार-दोन वर्षे तिकडेच येऊन राहावे असा त्यांचा आग्रह सुरू झाला आहे. हा आग्रह मनापासूनचा असतो याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु परराष्ट्राच्या दारात केवळ माया चालत नाही, तेथे कागद दाखवावा लागतो. त्या कागदांपैकी जो सर्वांत महत्त्वाचा आणि ज्याविषयी आपल्या घरांत सर्वांत कमी बोलले जाते, त्या उत्पन्नाच्या दाखल्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत. कठीण धडा सोपा करून सांगणे हीच आमची आजवरची उपजीविका. आजही तेवढेच करावयाचे आहे.

उत्पन्नाचा दाखला हा शब्द आपल्या कानांस नवा नाही. जून महिना उजाडला की शाळेत अशा दाखल्यांची चळत लागत असे. तहसील कचेरीतून पालकांनी हेलपाटे घालून तो आणावा आणि त्यावर पाल्यास फीमाफी किंवा शिष्यवृत्ती मिळावी, हा आपला परिपाठ. त्या दाखल्यावरील आकडा जितका लहान तितके काम सोपे. उत्पन्न थोडे आहे हे सिद्ध करण्यासाठी दाखला, अशीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत झालेली आहे. परदेशी दीर्घ वास्तव्यासाठी जो दाखला मागतात त्याचा अर्थ नेमका उलट आहे. तेथे उत्पन्न पुरेसे आहे, ते नियमाने येते, आणि येणाऱ्या माणसाच्या अन्नवस्त्राचा व औषधपाण्याचा भार त्या देशाच्या तिजोरीवर पडणार नाही, हे सिद्ध करावयाचे असते. थोडक्यात, तो दाखला म्हणजे एक जामीनकी आहे. हे एक वाक्य आपण लक्षात ठेवले तर पुढील सर्व नियमांचा उलगडा आपोआप होईल.

ही जामीनकी आजची नव्हे. १८८२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की, जो मनुष्य स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ असून सार्वजनिक खर्चावर भार होईल, त्यास बंदरावर उतरू देऊ नये. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ च्या जूनमध्ये, आपल्या महाराष्ट्राची अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरली. त्या काळी व्हिसाची पद्धत नव्हती. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी तिला आपल्या घरी आश्रय दिला होता. एका सद्‌गृहिणीचा शब्द हीच तिची जामीनकी. १८८६ साली ती डॉक्टर झाली. आज ज्या कागदावर आपली मुले सही करतात, तो या जुन्या शब्दाचाच कायद्याने बांधलेला अवतार होय.

परंतु हीच अट अन्यायाचे शस्त्रही होऊ शकते, हेही इतिहासाने दाखविले आहे. १९०८ साली कॅनडाच्या सरकारने दोन हुकूम काढले. एक असा की, येणाऱ्याने आपल्या देशातून मध्ये न थांबता एकाच सलग प्रवासात यावे; आणि दुसरा असा की, आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर रोख असावेत. हिंदुस्थानातून कॅनडास थेट आगबोटच जात नव्हती, आणि २०० डॉलर ही तेव्हाच्या शेतकऱ्यामजुरास फार मोठी रक्कम होती. हुकमात हिंदी माणसाचे नाव न घेता त्याला दार बंद करण्याची ही युक्ती होती. १९१४ च्या मे महिन्यात बाबा गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली कामागाटामारू ही आगबोट ३७६ उतारू घेऊन व्हँकुव्हर बंदरात आली, तेव्हा त्यांपैकी थोडक्यांनाच उतरू दिले आणि दोन महिन्यांनी ती आगबोट परत हाकलली. या कृत्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली पार्लमेंटात माफी मागितली. ज्या देशाने आपल्या माणसांस दोनशे डॉलरांसाठी अडविले, त्याच देशात आज आपल्या ज्ञातीतील मुले घरे बांधून राहिली आहेत आणि आई-वडिलांसाठी दाखले जोडीत आहेत. काळाचा हा फेर ध्यानात घेण्याजोगा आहे.

आणि हा प्रश्न केवळ परकेच विचारतात असेही नाही. आपल्या देशात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी माणसास आपले सरकारही वेतनाची किमान मर्यादा घालते. वर्षाला १६.२५ लाख रुपयांहून अधिक वेतन असेल तरच नोकरीचा व्हिसा, असा नियम आहे; परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकविणारे शिक्षक अशा काहींस त्यातून सूट आहे. तेव्हा कोणी उत्पन्न विचारले म्हणून अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. प्रश्न काय आहे आणि त्यास खरे उत्तर कसे द्यावे, एवढेच आपण पाहावे.

आता एकेका देशाचे पाहू. प्रथम कॅनडा, कारण आई-वडिलांच्या दीर्घ वास्तव्यासाठी तेथे एक स्वतंत्र सोय आहे. तिला सुपर व्हिसा म्हणतात. १ डिसेंबर २०११ पासून ती सुरू झाली. आरंभी एका खेपेस दोन वर्षे राहता येई; ४ जुलै २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षे राहता येते, आणि व्हिसाची मुदत दहा वर्षांपर्यंत असू शकते. यासाठी तीन गोष्टी लागतात. मुलाने किंवा नातवाने लेखी निमंत्रण द्यावे आणि त्यात पोषणाची हमी घ्यावी. त्याचे उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर असावे. आणि आई-वडिलांचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा व किमान एक वर्षाचा आरोग्यविमा उतरलेला असावा. शिवाय वैद्यकीय तपासणी आहेच.

यातील उत्पन्नाची रेषा कशी ठरते हे समजून घेण्यासारखे आहे. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने १९९२ सालच्या कुटुंबखर्चाचा आधार घेऊन असे मोजले की, सामान्य कुटुंबापेक्षा अन्न, निवारा व वस्त्र यांवर मिळकतीचा शेकडा वीस अंशांनी अधिक वाटा ज्याचा खर्च होतो, ते कुटुंब ओढगस्तीचे समजावे. त्या रेषेचे आकडे महागाईप्रमाणे दरसाल वाढतात आणि कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे बदलतात. आणि ही माणसे मोजण्याची रीत आपल्या एकत्र कुटुंबासारखीच आहे. मुलगा, सून, त्यांची मुले आणि येणारे आई-वडील हे सर्व एका ताटावर धरले जातात. मुलाच्या घरी चार माणसे असतील आणि आई-वडील दोघे येणार असतील, तर सहा माणसांच्या कुटुंबाचा आकडा पाहावयाचा. चौघांचा आकडा पाहून "आमचे उत्पन्न पुरेसे आहे" असे समजून अर्ज करणाऱ्यांची येथेच फसगत होते.

कॅनडात कायमचे वास्तव्य मिळविण्याची वाट निराळी आहे आणि ती अरुंद आहे. निमंत्रण येईल तेव्हाच अर्ज करता येतो, आणि मुलाने आई-वडिलांच्या पोषणाची हमी वीस वर्षांची द्यावी लागते. या वीस वर्षांत आई-वडिलांनी सरकारी साह्य घेतले तर ते मुलाकडून वसूल होते. पन्नाशीला आलेल्या मुलाने ही हमी दिली तर तो सत्तर वर्षांचा होईपर्यंत जामीन राहतो, याचा विचार दोन्ही पिढ्यांनी बसून करावा.

आता अमेरिका. तेथे पाहुणे म्हणून गेलेल्या आई-वडिलांस एका खेपेस साधारणतः सहा महिने राहू देतात. सुपर व्हिसासारखी सोय तेथे नाही. मुलगा किंवा मुलगी तेथील नागरिक असून एकवीस वर्षांची झालेली असेल, तर आई-वडिलांसाठी कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज करता येतो. या वेळी मुलाने जे प्रतिज्ञापत्र करावयाचे असते त्याचा क्रमांक आय-८६४. १९९६ सालच्या कायद्याने त्यास करारासारखे बंधन आले. सरकारने दरसाल जाहीर केलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न मुलाने दाखवावे लागते. २०२५ सालच्या कोष्टकाप्रमाणे सहा माणसांच्या कुटुंबास ही रक्कम वर्षाला ५३,९३७ डॉलर होती. उत्पन्न कमी पडत असेल तर मालमत्ता दाखविता येते; परंतु आई-वडिलांच्या बाबतीत जितके डॉलर कमी पडतील त्याच्या पाचपट किमतीची मालमत्ता असावी लागते. नियमाच्या नजरेत दरसाल येणाऱ्या एका रुपयाचे मोल साठविलेल्या पाच रुपयांबरोबर आहे, असा त्याचा अर्थ.

या प्रतिज्ञापत्राच्या दोन गोष्टी आपल्या घरांत फारशा ठाऊक नसतात. पहिली, सुनेचे किंवा जावयाचे उत्पन्न जमेस धरावयाचे असेल, तर तिने किंवा त्याने स्वतंत्र सही करून तोच भार पत्करावा लागतो. म्हणजे सासूसासऱ्यांच्या पोषणास सून कायद्याने जामीन राहते. दुसरी, ही हमी मुदतीने संपत नाही. आई-वडील तेथील नागरिक झाले, किंवा कामाच्या हिशेबातील चाळीस तिमाह्या भरल्या, किंवा ते देश सोडून कायमचे परत आले, किंवा उभयतांपैकी कोणाचा अंत झाला, तरच ती सुटते. मुलगा व सून यांचा घटस्फोट झाला म्हणून ती सुटत नाही. ज्याच्यासाठी हमी दिली त्यास हमीदारावर कोर्टात दावाही करता येतो. बापाने मुलावर दावा लावावा ही कल्पनाच आपणांस सहन होणार नाही. परंतु कायदा नात्याकडे पाहत नाही, सहीकडे पाहतो. तेव्हा ज्या सुनेने हा कागद वाचून, समजून सही केली, तिच्या त्या सहीचे मोल घरातील वडिलांनी ओळखावे. लग्नात घेतलेल्या मानपानापेक्षा तो मान फार मोठा आहे, अशी आमची नम्र समजूत आहे.

तेथील वैद्यकीय खर्चाचेही लक्षात ठेवावे. पासष्टी उलटलेल्या नव्या वास्तव्यकर्त्यास सरकारी मेडिकेअर योजनेत पैसे भरून प्रवेश घ्यावयाचा असला, तरी आधी सलग पाच वर्षे कायम वास्तव्य व्हावे लागते. तोवर खाजगी विम्याची तजवीज मुलास करावी लागते. तसेच ग्रीन कार्ड घेऊन वर्षातील बहुतेक काळ आपल्या गावी राहू, आणि हौसेपुरते तिकडे जाऊ, असा बेत कोणी करील तर तो टिकत नाही. एक वर्षाहून अधिक काळ परवान्याशिवाय बाहेर राहिल्यास ते वास्तव्य सोडून दिले असे धरले जाऊ शकते.

ऑस्ट्रेलियाने २०१९ साली आई-वडिलांसाठी तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा सुरू केला. तीन किंवा पाच वर्षांसाठी तो मिळतो आणि एकूण दहा वर्षांपर्यंत राहता येते. बोलाविणाऱ्या कुटुंबाचे करपात्र उत्पन्न वर्षाला सुमारे ८३ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर असावे अशी अट त्यात घातली. पती-पत्नींचे उत्पन्न त्यासाठी एकत्र धरता येते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

इंग्लंडची स्थिती सर्वांत कठीण आहे. ९ जुलै २०१२ पासून तेथे असा नियम झाला की, वृद्ध आई-वडिलांस रोजच्या देहधर्मांसाठी दुसऱ्याचा हात लागत असेल, आणि मुलाने पैसे पाठवूनही तशी शुश्रूषा मायदेशी मिळणे अशक्य असेल, तरच त्यांस तेथे बोलाविता येते. आपल्या शहरांतून नोकर, परिचारिका आणि वृद्धाश्रम मिळतात. तेव्हा "अशक्य" हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच. येथे मुलाचे उत्पन्न कितीही असले तरी ते एकटे उपयोगी पडत नाही. तेथील नियम किती झपाट्याने चढतात याचे दुसरे उदाहरण असे : पती किंवा पत्नीस बोलाविण्यासाठी २०१२ साली वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न पुरत होते, ११ एप्रिल २०२४ पासून तो आकडा २९,००० पौंड झाला. मुलामुलीचे लग्न ठरविताना स्थळ विलायतेतील असेल, तर पत्रिकेबरोबर हाही आकडा पाहणे शहाणपणाचे.

मुलाच्या जामीनकीवर न जाता स्वतःच्या उत्पन्नावर परदेशी राहू देणारे काही देश आहेत. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्या निवृत्त माणसाने तेथील बँकेत ८ लाख बाथ ठेवावे किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे अशी अट आहे. पोर्तुगालने निवृत्तिवेतन, भाडे, व्याज अशा उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी व्हिसा ठेवला असून तेथील किमान वेतनाइतके नियमित उत्पन्न त्यास लागते. २०२५ साली ते दरमहा ८७० युरो होते, आणि पत्नीसाठी त्याच्या निम्मे अधिक. इंग्लंडमध्येही साठी उलटलेल्या, वर्षाला २५,००० पौंड उत्पन्न असलेल्या माणसासाठी अशी वाट होती. ती २००८ साली बंद केली. अमेरिका व कॅनडा यांनी केवळ निवृत्तीसाठी असा व्हिसा ठेवलेलाच नाही. आपल्या लोकांस या वाटेचा उपयोग थोडाच, कारण आपणांस परदेशाची हवा हवी नसते, नातवंडांचा सहवास हवा असतो.

आता मुद्द्याचे बोलू. या सर्व देशांचे आकडे निराळे असले तरी अधिकारी पाहतो ती गोष्ट एकच : पैसा किती आहे यापेक्षा तो कोठून आला आणि किती काळ येत आहे. इंग्लंडच्या कुटुंब व्हिसासाठी उत्पन्नाऐवजी शिल्लक दाखवावयाची असेल तर ती सहा महिने खात्यात असावी लागते. थायलंडमध्येही अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ती रक्कम हलवून चालत नाही. कॅनडात करखात्याची नोटीस ऑफ असेसमेंट मागतात, अमेरिकेत प्राप्तिकराचे विवरण मागतात. म्हणजे मुलाने सरकारला जे उत्पन्न सांगितले तेच उत्पन्न. जो मुलगा धंद्यातील रोखीचे पैसे करखात्यापासून लपवितो, तो आई-वडिलांच्या अर्जाच्या वेळी ते दाखवू शकत नाही. करात वाचविलेले पैसे अशा रीतीने आई-वडिलांच्या वाटेत येऊन उभे राहतात.

आपल्याकडे मात्र एक घातक प्रघात पडला आहे. व्हिसाचा अर्ज करावयाच्या आधी पंधरा दिवस कोणा नातलगाकडून, सावकाराकडून किंवा दलालाकडून पाच-दहा लाख रुपये घेऊन खात्यात भरावयाचे, बँकेचा शिलकेचा दाखला घ्यावयाचा, आणि काम झाले की रक्कम व्याजासह परत करावयाची. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे सर्रास चालते, आणि आता आई-वडिलांच्या अर्जांतही शिरले आहे. खातेउतारा तपासणाऱ्यास ही युक्ती पहिल्या नजरेत कळते. तीन वर्षे ज्या खात्यात पेन्शनीखेरीज दुसरी जमा नाही, त्यात एका दिवशी आठ लाख आले, तर तो विचारणारच. आणि दलालाने खोटे वेतनपत्र किंवा खोटा दाखला जोडला, तर त्याचे फळ दलालास नव्हे, अर्जदारास भोगावे लागते. खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते, इंग्लंडचे दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकते, आणि अमेरिकेत तर त्यास मुदतच नाही. विशेष माफी मिळेल तेव्हाच ते उघडते. साठी उलटलेल्या माणसास दहा वर्षे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. नातवाची मुंज किंवा नातीचे पदवीदान हुकते. क्वचित शेवटची भेटही हुकते. अर्जावर सही आपली असते. जो कागद आपण वाचला नाही त्यावर सही करू नये, हा वर्गात घालून दिलेला धडा म्हातारपणीही खरा आहे.

तसेच मुदतीबाहेर राहण्याचा मोहही टाळावा. अमेरिकेत मुदत संपल्यावर १८० दिवसांहून अधिक राहून जो परततो त्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक राहणाऱ्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. "सुनेचे बाळंतपण होईपर्यंत राहा, कोण पाहतो आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते दंड भरावयास येत नाहीत. मुदत वाढवावयाची असेल तर ती संपण्यापूर्वीच रीतसर अर्ज करावा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला ती सांगतो. परदेशी जाण्याचे ठरले की घरात पहिला विचार निघतो तो राहते घर विकण्याचा. "आता येथे कोण राहणार? बंद घराची राखण कोण करणार? विकून टाका, पैसे मुलाच्या तिकडच्या घरात घाला, म्हणजे त्याचेही कर्ज फिटेल." ऐकावयास हे सरळ वाटते. परंतु आतापर्यंत जे नियम सांगितले त्यांच्या प्रकाशात याचा विचार करा. सुपर व्हिसा किंवा पाहुण्याचा व्हिसा देताना अधिकारी हेही पाहतो की, या माणसास मायदेशी परत येण्यास कारण आहे काय. स्वतःच्या नावावरील घर, चालू निवृत्तिवेतन, गावची शेती ही त्याची सर्वांत भक्कम कारणे. घर विकून, पैसे वाटून, मोकळ्या हाताने जो जातो, तो स्वतःचा पुरावाच विकून जातो. आणि अशी हमी मुलाच्या नोकरीवर उभी असते. नोकरी गेली, विम्याचा हप्ता थकला, मुलाच्या संसारात काही बिनसले, तर परत येण्यास आपले छप्पर असले पाहिजे. मुलावर अविश्वास म्हणून आम्ही हे सांगत नाही. ज्याच्याजवळ परतीची वाट आहे तो मुलाच्या घरी पाहुण्याच्या मानाने राहतो. ज्याच्याजवळ ती नाही तो अन्नाच्या हिशेबाने राहतो, आणि मुलगा कितीही चांगला असला तरी हा फरक त्या वृद्धाच्या स्वतःच्या मनास कळत असतो. विशेषतः ज्या भगिनींचे यजमान हयात नाहीत, त्यांनी राहते घर व कुटुंबनिवृत्तिवेतनाचे खाते कोणाच्याही आग्रहाने स्वतःच्या नावावरून काढू नये, अशी त्यांस आमची हात जोडून विनंती आहे.

निघण्यापूर्वीची घरची तयारी थोडक्यात सांगतो. प्रथम नावे व जन्मतारखा. आपल्या स्त्रियांचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, आणि पारपत्रावर तिसरेच, असे नेहमी आढळते. मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर आईचे जे नाव असेल त्याचा तिच्या पारपत्राशी मेळ बसत नसेल, तर ही आई याच मुलाची हे सिद्ध करण्यात महिने जातात. आमच्या पिढीतील कितीतरी मंडळींची शाळेतील जन्मतारीख १ जून आहे. ती गुरुजींनी नाव घालताना सोयीसाठी लिहिलेली असते हे आपणांस ठाऊक आहे, परंतु परदेशी अधिकाऱ्यास ठाऊक नाही. महत्त्व याला आहे की, सर्व कागदांवर एकच तारीख असावी. जन्माची नोंदच नसेल तर नोंद आढळत नसल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला आधीच मिळवून ठेवावा. विवाहाची नोंदणी झालेली नसल्यास ती करून घ्यावी.

दुसरे, निवृत्तिवेतन. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो जीवन प्रमाण योजनेतून इलेक्ट्रॉनिक रीतीने देता येतो, किंवा परदेशातील आपल्या वकिलातीतून साक्षांकित करून पाठविता येतो. तिसरे, बँक व प्राप्तिकर. वर्षात भारतात किती दिवस राहिलो यावरून निवासी की अनिवासी हे ठरते. म्हणून पारपत्रावरील शिक्के व प्रवासाची तिकिटे जपून ठेवावी, आणि वास्तव्य बदलले की बँकेस कळवावे. चौथे, येथील कामांसाठी कोणास मुखत्यारपत्र द्यावयाचे असेल तर ते ठरावीक कामापुरते द्यावे. घर विकण्याचा अधिकार त्यात सहजासहजी घालू नये.

शेवटी मंडळास एक सूचना. आपण दरसाल गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, वधूवर मेळावे भरवितो. या कार्याबद्दल आम्हांस अभिमान आहे. त्याच्या जोडीस मंडळाने एक साहाय्य समिती नेमावी. बँकेतून, तहसील कचेरीतून व शिक्षणखात्यातून निवृत्त झालेली मंडळी आपल्यात आहेत, हिशेबनीस व वकील आहेत. महिन्यातून एक रविवार दोन तास त्यांनी मंडळाच्या कार्यालयात बसावे. परदेशी जाणाऱ्या वडील मंडळींचे कागद तपासावे, ज्या देशात जावयाचे त्या सरकारचा चालू आकडा त्यांच्यासमोर काढून दाखवावा, आणि मुलाने कोणती हमी दिली आहे ती त्यांस मराठीत वाचून दाखवावी. यास पैसा लागत नाही, फक्त वेळ लागतो, आणि तो आम्हां निवृत्तांजवळ भरपूर आहे. समितीत पहिले नाव आमचे घालण्यास हरकत नाही.

उत्पन्नाचा दाखला हा मुलाच्या कष्टाचा हिशेब आहे. त्याने आपल्यासाठी काय पत्करले ते आई-वडिलांनी वाचावे. आणि आई-वडील मागे काय ठेवून येत आहेत ते मुलांनी विचारावे. हे दोन्ही प्रश्न निघण्यापूर्वी घरात मोकळेपणी निघाले, तर परदेशी अधिकाऱ्याच्या प्रश्नांचे भय उरणार नाही.